कॉटेज घ्यायचं, पण शनिवार-रविवार कोणाचे जाणार?

प्रश्न थोडक्यात असा: कॅनडात टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनहून एका ताईंचं पत्र आलंय. दोघं नवरा-बायको नोकरी करतात, मुलगा 13 चा, मुलगी 9 ची, सासूबाई सोबतच असतात. गेले दोन उन्हाळे मित्रांच्या ओळखीने लेक सिमकोच्या काठावर भाड्याच्या कॉटेजमध्ये जाऊन आल्यापासून नवऱ्याच्या मनाने घेतलंय की आपलं स्वतःचं कॉटेज, म्हणजे तलावाकाठचं सुट्टीचं घर, हवंच. त्याचं म्हणणं, उन्हाळ्यात बोट आणि पोहणं, थंडीत आइस फिशिंग (गोठलेल्या तलावावर मासे पकडणं), वर्षभर वापरता येईल, आपण नसू तेव्हा भाड्याने देऊ, म्हणजे हप्ता आपोआप निघेल. ताईंना मात्र वाटतं की दरवर्षी मित्रमंडळी येऊन राहणार, आपण शनिवार-रविवार पोहे-चहा-भांड्यांत अडकणार, मुलीचा शनिवारचा मराठीचा क्लास बुडणार, आणि हे सगळं "आपलं पण कॉटेज आहे" असं सांगायला मिळावं म्हणून. शेवटी एक ओळ आहे, "मला पोहता येत नाही, पण हे मी घरात फारसं बोलत नाही." विचारलंय, नाही म्हटलं तर मी त्याच्या आनंदाच्या आड येतेय का?

ताई, आड येताय असं मला मुळीच वाटत नाही, पण तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी आणि तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्यातल्या दोन गोष्टी जरा हलवून बघाव्यात असं वाटतंय.

त्याच्यापासून सुरू करते, कारण "वर्षभर" हा शब्द सगळ्यात जास्त पैसे खाणारा आहे. तुम्ही दोघांनी लेक सिमको बघितलाय तो जुलै-ऑगस्टचा. तेव्हा तो सगळ्यांनाच आवडतो. 722 चौरस किलोमीटरचं पाणी, टोरांटोपासून गाडीने तासाभरावर, काठावर केझिक, जॅक्सन्स पॉइंट, इनिसफिल, बीव्हरटन, बॅरी, ओरिलिया अशी गावं आणि मध्ये मध्ये कॉटेजांच्या रांगा. पण हाच तलाव नोव्हेंबरमध्ये बघा. बोटी बाहेर काढलेल्या, डॉक, म्हणजे पाण्यात टाकलेले धक्के, उचलून काठावर ठेवलेले, साडेचारला अंधार पडायला लागलेला, वारा सुटलेला, शेजारची निम्मी घरं बंद, आणि पाणी असं की ना त्यात उतरता येतं ना त्यावर चालता येतं. मार्चच्या शेवटचा काळही तसाच, बर्फ पातळ होत असतो आणि अंगणात चिखल. म्हणजे वर्षभर म्हणताना निदान तीन-चार महिने असे धरावे लागतात की तलावाचा तुम्हाला काहीच उपयोग नाही, फक्त खिडकीतून बघायचा. ज्यांना खिडकीतून बघायला आवडतं त्यांना तेवढंही पुरतं, आणि त्यात काही वाईट नाही. तुमचा नवरा त्यातला आहे का, एवढंच आधी कळायला हवं.

आणि थंडीतली मजा पण आता तारीख बघून ठरवता येत नाही. दक्षिणेकडचा कुक्स बे उथळ आहे, तो आधी गोठतो. केम्पेनफेल्ट बे, म्हणजे बॅरीकडचा, 40 मीटरच्या आसपास खोल जातो. एवढं पाणी थंड व्हायलाच खूप वेळ लागतो, म्हणून तिथला बर्फ उशिरा धरतो. एकाच आठवड्यात एका उपसागरावर माणसं बसून पर्च मासे पकडत असतात आणि दुसऱ्यात उघडं पाणी, असं होतं. शिवाय अलीकडे काही हिवाळे असे गेले की बर्फ नीट धरलाच नाही, बर्फावर मासे पकडायला बसायच्या झोपड्या, म्हणजे हट, भाड्याने देणाऱ्यांचा सीझनच आखडला. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीचे सगळे वीकेंड धरून चालू नका. बर्फ धरला तरी कॅनडियन रेड क्रॉसचा सल्ला एकट्या माणसाने चालायला 15 सेंटिमीटर आणि स्नोमोबिलला 25 सेंटिमीटर असा आहे, तोही स्वच्छ निळसर बर्फाला, पांढऱ्या दुधाळ बर्फाची ताकद साधारण निम्मीच धरतात. सिमकोवर अजून एक भानगड आहे, काठाकडून आत वारा सुटला की बर्फाचा मोठा तुकडाच तुटून माणसांसकट आत सरकतो आणि पोलिसांना जाऊन लोकांना काढावं लागतं, हे इथे अनेकदा झालंय. म्हणून पहिल्या वर्षी तरी स्वतःच्या अकलेने बर्फावर जाऊ नका, हट भाड्याने देणाऱ्या ऑपरेटरबरोबर जा. तो सकाळी बर्फावर लोखंडी पहार आपटत पुढे चालतो, आवाजावरून आणि पहार किती आत जाते त्यावरून त्याला अंदाज येतो, मग ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, भोक पाडून मुलांच्या हातात छोटा गळ देतो, हटच्या आत हीटर चालू असतो. तुमच्या मुलाला हे नक्की आवडेल. मासेमारीचं लायसन्स 18 ते 64 वयाच्यांनाच काढावं लागतं, म्हणजे मुलांना आणि सासूबाई 65 च्या पुढच्या असतील तर त्यांना नको. आणि यासाठी कॉटेज विकत घ्यायची काही म्हणजे काही गरज नाही, ब्रॅम्प्टनहून पहाटे निघून संध्याकाळी घरी येता येतं.

आता भाड्याचं. "हप्ता आपोआप निघेल" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर थोडं सविस्तर बोलते. एक तर ज्या आठवड्यांना भाडं चांगलं मिळतं, तेच आठवडे तुम्हाला स्वतःला हवे असतात. मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेपासून ऑक्टोबरमधल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत, मोजून एकवीस-बावीस वीकेंड होतात. त्यातले किती तुमचे, किती पाहुण्यांचे, किती भाडेकरूंचे, किती मुलांच्या मॅचेस आणि वाढदिवसांचे, हे कॅलेंडर समोर घेऊन दोघांनी पेनने भरा. तोंडी बोलू नका, भराच. मला वाटतं या एका कागदावर तुमचं अर्धं भांडण मिटेल किंवा निदान खरं भांडण कशाचं आहे ते दिसेल. दुसरं म्हणजे शॉर्ट टर्म रेंटलचे, म्हणजे थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्याचे, नियम प्रत्येक टाउनचे वेगळे असतात, लायसन्स लागतं, माणसं किती, पार्किंग किती, सगळं ठरलेलं असतं, आणि 2024 पासून नियम न पाळता भाड्याने दिलं तर त्याचा खर्च इन्कम टॅक्समध्ये वजाही करता येत नाही. लिस्टिंगवर "ग्रेट रेंटल इन्कम" लिहिलं असलं तरी टाउन ऑफिसला स्वतः फोन करा. आणि कॉटेज विकताना नफा झाला तर राहत्या घरासारखी सूट आपोआप मिळत नाही, एका कुटुंबाला एका वेळी एकाच घरावर ती घेता येते, बाकीच्या नफ्याचा निम्मा भाग उत्पन्नात धरला जातो. अकाउंटंटला आधी विचारा, विकायच्या वेळी नाही.

घर बघताना "फोर-सीझन" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. जुनी कॉटेजं उन्हाळ्यापुरती बांधलेली असायची, मग कोणीतरी बेसबोर्ड हीटर लावतं आणि फोर-सीझन म्हणून विकतं. पाण्याची लाइन जमीन गोठते त्या थराच्या खाली गाडली आहे का, पाणी कुठून येतं, टाउनचं, विहिरीचं की तलावातून ओढलेलं, रस्ता टाउनचा की प्रायव्हेट, बर्फ कोण काढतं आणि त्याचे पैसे कोण भरतं, हे विचारा. थ्री-सीझन, म्हणजे हिवाळा सोडून वापरायचं, असेल तर बरेच लेंडर डाउन पेमेंट जास्त मागतात, आणि इन्शुरन्सवाले हिवाळ्यात घर रिकामं असताना कोणीतरी ठरावीक दिवसांनी आत जाऊन बघितलं पाहिजे अशी अट घालतात. तो "कोणीतरी" म्हणजे फेब्रुवारीच्या बुधवारी तलावाकडे जाणाऱ्या हायवे 400 वर तुमचा नवरा, किंवा पैसे घेणारा केअरटेकर.

अजून एक, सिमकोच्या काठावर बऱ्याच जुन्या वस्त्यांत किनारा एका घराचा नसतो, मागच्या रांगांतल्या घरांना मिळून एक बीच असतो आणि एक असोसिएशन असतं, वर्षाची फी असते, डॉकची जागा नंबराने मिळते. लिस्टिंगमध्ये "वॉटर अ‍ॅक्सेस" एवढंच लिहितात. तो हक्क कागदावर, म्हणजे डीडमध्ये (खरेदीखतात) आहे की नुसता शेजारधर्म आहे, हे वकिलाकडून बघून घ्या. जॉर्जिना आयलंडसारख्या ठिकाणी कॉटेज तुमचं पण जमीन फर्स्ट नेशनची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या समुदायाची, लीजवर, तिथे किंमत कमी दिसते पण लीजची मुदत आणि अटी बघाव्या लागतात. नवीन डॉक टाकायचा म्हटलं तरी सिमको ट्रेंट-सेव्हर्न वॉटरवे या जलमार्गाचा भाग असल्यामुळे पार्क्स कॅनडाची परवानगी लागते, आणि काठावर भर घालणं, भिंत बांधणं यासाठी कन्झर्वेशन अथॉरिटी या तलाव-नद्यांचं संरक्षण बघणाऱ्या स्थानिक संस्थेला विचारावं लागतं. विकणारा "काही नाही हो, सगळे करतात" म्हणेल. तुम्ही करू नका.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण हा भाग लोक सोडून देतात. या तलावाने खूप सोसलंय. आजूबाजूची शेतं, गावं, सेप्टिक टँक यांतून फॉस्फरस पाण्यात जातो, त्यावर शेवाळं आणि वनस्पती वाढतात, त्या मरून तळाशी कुजतात आणि खोल पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. लेक ट्राउटला थंड आणि ऑक्सिजन असलेलं खोल पाणी लागतं. ते बिघडल्यामुळे त्यांची पिल्लं जगेनाशी झाली आणि कित्येक दशकं हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेली पिल्लं सोडून हा मासा टिकवावा लागला. 2008 मध्ये ऑन्टारिओने फक्त या एका तलावासाठी वेगळा कायदा केला आणि 2009 मध्ये त्याची योजना आली, त्यात फॉस्फरस वर्षाला 44 टनांवर आणायचं ठरलं. कॉटेज घेणाऱ्याचा याच्याशी थेट संबंध येतो. काठापासून 100 मीटरच्या आत सेप्टिक असेल तर त्याची दर पाच वर्षांनी सक्तीची तपासणी असते, तेव्हा मागच्या तपासणीचा कागद मागा, नसेल तर ऑफरमध्ये सेप्टिक इन्स्पेक्शनची अट टाका, बदलायची वेळ आली तर खर्च मोठा असतो. आणि पाण्यापर्यंत हिरवंगार लॉन बघून भुलू नका. काठावर झुडपं, गवत, झाडं असलेलं घर त्या तलावाला बरं, कारण वरून वाहून येणारी माती आणि खत तिथेच अडतं. बदकं-गीझ मोकळ्या लॉनवर येऊन घाण करतात ते वेगळंच. कुक्स बेकडे उन्हाळ्यात पाणवनस्पती दाट असतात, पाय गुंततात, त्या बाजूला घर बघत असाल तर ऑगस्टमध्ये स्वतः पाण्यात उभं राहून बघा, मे महिन्यातले फोटो बघून नको.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही लिहिलंय की हे सगळं मित्रांना दाखवायला चाललंय. असेलही थोडं. पण तुम्हीच पत्रात मध्ये एका ठिकाणी लिहून गेलात की कॉटेजवर तो पहाटे उठून मुलाला घेऊन डॉकवर बसायचा आणि फोन आत ठेवायचा. जो माणूस एरवी जेवतानाही लॅपटॉप बंद करत नाही असं तुम्ही म्हणता, तो तिथे फोन आत ठेवतो, ही गोष्ट मी दिखाव्यात टाकणार नाही. मुलगा 13 चा आहे, अजून चार-पाच वर्षांत तो स्वतःच्या मित्रांत जाईल, आणि वडिलांना हे जाणवत असेल पण बोलता येत नसेल. त्याला विचारा, तुला कॉटेज हवंय की पोरासोबतची ती सकाळ हवीये? रागाने विचारू नका, खरंच जाणून घ्यायचंय म्हणून विचारा. सकाळ हवी असेल तर ती दरवर्षी जुलैत दोन आठवडे एकच ठरलेलं कॉटेज भाड्याने घेऊनही मिळते, आणि बऱ्याच घरांत पुढच्या वर्षाचं बुकिंग आदल्या वर्षीच्या भाडेकरूला आधी विचारून देतात, म्हणजे तोच डॉक, तेच शेजारी. पैशाच्या हिशोबात तर दोन्हीची तुलनाच नाही.

तुमची दुसरी समजूत अशी दिसते की पाहुणे आले की करणं आपल्यालाच आलं. ब्रॅम्प्टनच्या घरात तसं चालत असेल, पण कॉटेजवर ते बदलता येतं, फक्त आधी ठरवावं लागतं, पाहुणे दारात उभे राहिल्यावर नाही. मी ज्या घरांत हे नीट चाललेलं बघितलंय तिथे साधी पद्धत असते: येणारं प्रत्येक कुटुंब एक जेवण पूर्ण सांभाळतं, सामान आणण्यापासून भांड्यांपर्यंत, आपापल्या चादरी-टॉवेल आणतात आणि जाताना कचरा घेऊन जातात. ग्रुपवर हा मेसेज नवऱ्याने टाकायचा, तुम्ही नाही. तो टाकायला कचरत असेल तर समजा की कॉटेज घेतल्यावरही हे ओझं तुमच्याच अंगावर पडणार, आणि मग तुमचा नकार अगदी योग्य आहे, त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

आणि सासूबाईंना कोणी विचारलंय का? पत्रात त्यांचं मत कुठेच नाही. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे असं लिहिलंय, बऱ्याच कॉटेजांत पाण्याकडे उतरायला लाकडी पायऱ्या असतात, बाथरूम लहान, रात्री अंधार. वीकेंडला त्या सोबत येणार की घरी एकट्या राहणार, हे न ठरवता घर घेतलं तर दर शुक्रवारी त्यावरून वाद होईल. मराठीच्या क्लासचंही तसंच, मुलीला स्वतःला विचारा, 9 वर्षांच्या मुलीला मत असतं.

मग करायचं काय? माझा सल्ला, या वर्षी घेऊ नका आणि नाही पण म्हणू नका. एक वर्षाची मुदत मागा. त्या वर्षात नोव्हेंबरमध्ये एक वीकेंड, फेब्रुवारीत एक, एप्रिलमध्ये एक आणि जुलैत दोन आठवडे, असं जिथे घ्यायचा विचार आहे त्याच गावात भाड्याने राहा. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावरच निघा, म्हणजे 400 वरची ती गाड्यांची रांग पण हिशोबात येईल, आणि रविवारी परतताना मुलं गाडीत कशी असतात तेही कळेल. थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला कोणी ओळखीचं कॉटेज बंद करत असेल तर मदतीला जा. पाण्याची लाइन रिकामी करायची, नळ उघडे ठेवायचे, सिंकच्या खालच्या वळणात आणि टॉयलेटमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ ओतायचं, फ्रिजचं दार फडकं अडकवून उघडं ठेवायचं, उंदीर येतील अशी भोकं स्टील वूलने बुजवायची, गार पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून डॉकचे तुकडे ओढायचे. हे करून संध्याकाळी तुमचा नवरा खूश दिसला तर तो कॉटेज सांभाळणारा माणूस आहे, मग माझा घेण्याला विरोध नाही. वैतागला तर भाड्याचे दोन आठवडे तुमच्यासाठी उत्तम. मित्राबरोबर भागीत घ्यायचं चाललं असेल तर करार लिहून घ्या, कोणाचे कोणते वीकेंड, छप्पर गळलं तर कोण, एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरवायची. मैत्री आहे म्हणून कागद नको, असं म्हणणाऱ्या मित्राबरोबर तर मुळीच घेऊ नका.

बोटीचं थोडक्यात: मोटर असलेली बोट चालवायला प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड लागतं, एकदा काढलं की आयुष्यभर चालतं. मुलाला जेट स्की चालवू देऊ म्हणून नवऱ्याने शब्द दिलाय असं तुम्ही लिहिलंय, तो मोडावा लागेल, 16 च्या आतल्याला ती चालवता येत नाही, मोठं माणूस सोबत असलं तरी नाही. आणि काठापासून 30 मीटरच्या आत ताशी 10 किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको.

शेवटची ती ओळ, पोहण्याची. ताई, घरात बोला. आजच. यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्यातल्या कितीतरी जणींना लहानपणी कोणी पाण्यात उतरूच दिलेलं नसतं. पण तुम्ही गप्प राहिलात तर सगळ्यांना वाटतं की डॉकवर एक मोठं माणूस मुलांवर लक्ष ठेवून आहे, आणि प्रत्यक्षात ते माणूस पाण्यात उतरू शकत नाही. हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात गंभीर वाटलं, कॉटेज घ्या नाहीतर घेऊ नका. मे महिन्यात हवा 25 डिग्री असली तरी पाणी इतकं थंड असतं की आत पडल्या पडल्या श्वास आवरत नाही, चांगल्या पोहणाऱ्याचाही. तेव्हा डॉकवर असताना मुलीला आणि तुम्हाला स्वतःला मापाचं लाइफजॅकेट, बकल लावून, आणि एका वेळी एकच मोठं माणूस "आता लक्ष माझं" असं बोलून जबाबदारी घेणार, फोन बाजूला. सिटीच्या रिक्रिएशन सेंटरांत मोठ्यांसाठी अगदी पहिल्या पायरीचे पोहण्याचे क्लास असतात, काही ठिकाणी फक्त बायकांसाठी वेळ राखून ठेवलेली असते. जागा पटकन भरतात, म्हणून रजिस्ट्रेशन कधी उघडतं ती तारीख आत्ताच बघून फोनमध्ये टाका, आणि त्या संध्याकाळी मुलांना क्लासला सोडायचं काम नवऱ्याकडे द्या.